त्रास थांबवायचा आहे, पण मुलाला उघडे पाडायचे नाही

वर्गशिक्षिका, नागपूर:

मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला शिकवते. माझ्या वर्गातील एका मुलाला त्याच्या चालण्याबोलण्यावरून पहिल्या आठवड्यापासून ‘बायल्या’ आणि त्याहून वाईट शब्द ऐकावे लागत होते. ते माझ्याही कानावर पडत होते आणि वयाचा वात्रटपणा समजून मी काणाडोळा केला, हे आधीच कबूल करते. मधल्या सुटीत तो स्वच्छतागृहाकडे फिरकत नाही आणि तिथे जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीही पीत नाही, हे मला फार उशिरा कळले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबत मिरवणुकीची सुटी संपून वर्ग भरला, तेव्हा शेवटच्या बाकावर पुठ्ठ्याचा हातभर उंचीचा बडग्या, म्हणजे त्या मिरवणुकीत थट्टेसाठी फिरवतात तसा पुतळा, उभा होता. त्याला ओढणी गुंडाळलेली, ओठ लाल खडूने रंगवलेले आणि छातीवर त्या मुलाचा हजेरी क्रमांक. मागची मुले दबक्या आवाजात ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत होती.

मी तो बडग्या फाडला आणि ‘कोणी समलिंगी असला तरी तोही माणूसच आहे’ असे साऱ्या वर्गाला खडसावले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मला जिन्यात गाठून एवढेच म्हणाला, ‘मॅडम, काल तुम्ही बोललात, आता सगळ्यांची खात्रीच पटली.’

त्याने स्वतःविषयी मला कधीही काही सांगितलेले नाही. प्राचार्य त्याच्या पालकांना बोलवावे म्हणतात, तर काही सहकारी एक मदत कक्ष उघडून दारावर समलिंगी समुदायाचे प्रतीक असलेला इंद्रधनुषी फलक लावावा असे सुचवतात. दोन्हींनी माझा जीव घाबरा होतो. अशा वेळी काय करावे?

शालेय समुपदेशक:

मॅडम, तुमचा हेतू चांगला होता, परंतु शिक्षा त्या कृत्याला व्हायला हवी होती आणि चर्चा मात्र मुलाच्या ओळखीची झाली. तो कोण आहे हे ठरवल्याशिवायही बडग्या हा गुन्हाच ठरतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यातील व्याख्येत विद्यार्थ्याला लाज, भीती किंवा मानसिक इजा होईल असे वर्तन, चिडवणे आणि टवाळीही येते. या कायद्यानुसार लेखी तक्रार विद्यार्थ्याने किंवा पालकांनीच करावी असे नाही, ती शिक्षकही करू शकतो. तुमच्या प्रकरणात हीच तरतूद सर्वांत उपयोगाची आहे, कारण मुलाला एक अक्षरही लिहावे लागत नाही. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते आणि त्याने टाळाटाळ केली, तर ते गुन्ह्याला साहाय्य मानले जाते. तक्रारीत ओढणी, खडू, हजेरी क्रमांक आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘समलिंगी’ हा शब्द कुठेही नको.

पालकांबाबत माझे मत ठाम आहे. मुलाला आधी विचारावे आणि तो तयार असेल तर ‘वर्गात त्याला त्रास दिला जातो आहे’ एवढेच सांगावे. कारणाविषयीचा आपला अंदाज आपल्यापाशीच ठेवावा. अशा अंदाजानंतर मुलाचा मोबाइल काढून घेतलेली आणि त्याला ‘बरे’ करण्यासाठी बाबांकडे वा डॉक्टरांकडे नेणारी घरे मी पाहिली आहेत. वास्तविक असे ‘उपचार’ करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.

मुलाशी एकांतात बोलाल तेव्हा ‘कुणाला सांगणार नाही’ असे सरसकट वचन मात्र देऊ नका. तो अठराच्या आतील असल्याने लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे तुम्हाला बंधनकारक आहे. ही मर्यादा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच सांगावी, नाहीतर पुढे तो आपल्याला फसवले असे समजतो. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक संपूर्ण वर्गाच्या सूचना फलकावर लावा.

एक पालक, प्रताप नगर:

माझा मुलगाही अकरावीत आहे, म्हणून विचारतो. बडग्या करणारी मुलेही सोळा वर्षांचीच आहेत. पुठ्ठ्याच्या एका पुतळ्यावरून थेट निलंबनापर्यंत जाणे योग्य आहे का? आपल्याकडे बडग्यावर सगळ्यांचीच थट्टा होते.

शालेय समुपदेशक:

रस्त्यावरचा बडग्या महागाईचा आणि पुढाऱ्यांचा असतो, साहेब; शेजारच्या बाकावरील एकट्या मुलाचा नसतो. चौकशीत तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले, तर या कायद्यानुसार संस्थाप्रमुखाला निलंबन करावेच लागते आणि तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. पण चौकशीच झाली नाही, तर पुढच्या वर्षी पुतळ्याची गरजही उरणार नाही, थेट मुलावरच हात पडेल.

माजी विद्यार्थी:

मी समलिंगी आहे आणि याच शहरात शिकलो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ वर निकाल देऊन प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले, तेव्हा मी बारावीत होतो. बातमी लागताच वडिलांनी काही न बोलता वाहिनी बदलली आणि मी ताटातली भाजी चिवडत बसलो. त्या वयात इंद्रधनुषी फलकाच्या खोलीत मी कधीही पाऊल ठेवले नसते, कारण मला खोलीची नव्हे, तिच्या दाराकडे पाहणाऱ्यांची भीती होती.

मला वाचवले ते प्रयोगशाळेतील मदतनीस काकांनी. मधल्या सुटीत परीक्षानळ्या पुसायला त्यांना ‘दोन पोरे’ हवी असत आणि त्यांतला एक दररोज मीच असे. त्यांनी कधी काही विचारले नाही. आज वाटते, त्यांना सगळे ठाऊक होते. तुम्हीही ग्रंथालयातील नोंदी, प्रश्नमंजूषेची तयारी असे कुणालाही सांगता येईल असे काम काढा आणि त्यात आणखी चार-पाच जणांना घ्या. कार्यालयाजवळचे स्वच्छतागृह मागेल त्या प्रत्येकाला वापरू द्या, केवळ त्यालाच नको. नागपुरात सारथी ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी काम करते, हे मला पदवीला असताना कळले. त्याने विचारले तर सांगा. आपणहून पत्ता हातात देऊ नका.

वर्गशिक्षिका, नागपूर:

फलकाचा विचार सोडला आहे. आज तक्रार लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, ‘पाहू दिवाळीनंतर.’ ते सात दिवस मग नेमके केव्हापासून धरायचे?

शालेय समुपदेशक:

तक्रार मिळाल्यापासून. म्हणून ती टेबलावर ठेवू नका. उद्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.