‘उंची’ नेमकी कुठून मोजायची?

धुरेकरी (दारव्हा)
आमच्या गावात आम्ही चौघे जण रिमोटवर चालणारी हेलिकॉप्टरे उडवतो आणि नव्या मुलांसाठी मी ‘रेस्क्यू’ची दोन पानी माहिती मराठीत लिहून दिली आहे. हेलिकॉप्टर हातातून निसटते आहे असे वाटले की बटन दाबायचे. मग यंत्रणा त्याला सरळ करते आणि पात्यांचा कोन वाढवून वर उचलते. हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा सेन्सर जोडलेला असेल, तर ठरवलेल्या उंचीच्या खाली येताच हेच काम आपोआप होते. ‘किमान उंची २० मीटर ठेवावी’ असे मी लिहिले होते. एका मुलाच्या मोबाइलवर वावरात उभ्या उभ्या ३१२ मीटर उंची दिसत होती, त्यामुळे २० मीटर म्हणजे जमिनीच्याही खाली असा हिशेब करून त्याने ३३२ हा आकडा भरला. यंत्रणा मात्र बॅटरी जोडताक्षणी जमिनीलाच शून्य धरते. हेलिकॉप्टर उठले ते वर वर जातच राहिले. घाबरून त्याने मोटर बंद केली आणि ते शेजारच्या तुरीत पडले. सेन्सरमध्ये त्रुटी असावी म्हणून आम्ही दोन दिवस तारा बदलल्या, सेन्सरवरचा स्पंज बदलला, आणि तिसऱ्या दिवशी तो आकडा दृष्टीस पडला. जमिनीपासूनची आणि समुद्रसपाटीपासूनची अशा दोन उंचींना आपल्याकडे दोन वेगळे, सुटसुटीत शब्द आहेत का?

निवृत्त गुरुजी
समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी ‘तुंगता’ हा शुद्ध शब्द उपलब्ध असून तो वापरण्याचा आळस आपण करतो. ‘उंची’ हा शब्द माणसाला, भिंतीला आणि उंची वस्त्रालाही लागतो. यंत्राच्या कामात इतका सैल शब्द चालणार नाही.

पळसफूल (वर्धा)
गुरुजी, ‘तुंगता’ हिंदी परिभाषेतून आलेला आहे आणि तुरीच्या वावरात उभ्या असलेल्या मुलाला तो कळणार नाही. कोणी ‘उन्नतांश’ सुचवण्याआधीच सांगून ठेवते की तो क्षितिजापासून ताऱ्यापर्यंतचा कोन आहे, मीटरमध्ये मोजायची गोष्ट नव्हे. माझा खरा आक्षेप ‘त्रुटी’ या शब्दावर आहे. मराठीत त्रुटी म्हणजे उणीव. अर्जात कागद कमी असला की त्रुटी निघते. सेन्सर जास्त उंची दाखवत असेल तर त्यात उणीव कसली? तिथे ‘चूक’ किंवा ‘दोष’ म्हणावे.

झाडीपट्टी
आमच्याकडे विहिरीचे बोलताना ‘विहीर सात पुरुष, पाणी दोन पुरुष’ असे म्हणतात; पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीवरून धरलेले माप. पहिले माप काठापासून खाली मोजलेले असते आणि दुसरे तळापासून वर, तरी आजवर या बोलण्यामुळे कोणी विहिरीत पडल्याचे मी ऐकले नाही. माप कुठून सुरू होते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असले म्हणजे एक शब्द पुरतो.

धुरेकरी
भाऊ, विहिरीचा काठ सगळ्यांना दिसतो. यंत्राने शून्य कुठे धरले ते कोणाला दिसत नाही, अडचण तीच आहे. शिवाय ते शून्य जागेवर राहतही नाही. आमच्या भागात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) उतरला की सेन्सरला आपण सुमारे नऊ मीटर वर गेल्यासारखे वाटते, आणि सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दाब तीन-चार हेक्टोपास्कलने सहज उतरतो. सकाळी बॅटरी जोडून हेलिकॉप्टर तसेच मेजावर ठेवले, तर दुपारी ते पंचवीस ते पस्तीस मीटर ‘उडालेले’ असते. सावलीत शून्य धरून ते उन्हात आणले की आतला भाग तापून आकडा सरकतो, म्हणून बॅटरी जोडल्यावर काही मिनिटे उडवायच्या जागीच थांबावे.

पळसफूल
‘सरकतो’ हे क्रियापद मला फार आवडले. याला कोणी ‘अपवहन’ म्हणू नये, एवढीच विनंती आहे.

काटेवाला (वणी)
या सरकलेल्या शून्याला शब्द आहे आणि तो म्हणजे ‘पासंग’. आमच्या आजोबांच्या दुकानात तराजूचे एक पारडे हलके होते, म्हणून दांडीच्या त्या टोकाला चिंधीत बांधलेला एक खडा लटकत असे. माल तोलण्याआधी रिकामी पारडी समोर धरून गिऱ्हाइकाला पासंग दाखवण्याची रीत होती. रिकाम्या तराजूतला फरक आधी काढून टाकणे आणि उड्डाणाआधी यंत्राचे शून्य धरणे हे एकच काम आहे.

निवृत्त गुरुजी
‘पासंग’ फारसी आहे. त्यातील ‘संग’ म्हणजे दगड. ‘शून्यदोष’ असा स्वच्छ शब्द असताना परक्या दगडाचे ओझे कशाला?

काटेवाला
गुरुजी, ‘तराजू’ही फारसीच आहे. तोही दुकानातून काढायचा काय?

झाडीपट्टी
पासंग स्थिर फरकासाठी ठीक आहे. वेगाबरोबर बदलणाऱ्या फरकाला तो चालणार नाही. सेन्सरचे छिद्र वाऱ्याच्या तोंडी असेल, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाला दाब दोनेक हेक्टोपास्कलने वाढतो आणि हेलिकॉप्टर वीसेक मीटर खाली आल्यासारखे दिसते. किमान उंची २० असेल तर रेस्क्यू विनाकारण ओढ घेईल. पात्यांखालच्या हवेच्या झोताचाही असाच त्रास होतो. माझ्या हेलिकॉप्टरच्या टोपीला, म्हणजे वरच्या कवचाला, बारीक भोक होते आणि त्यातून ऊन थेट सेन्सरवर पडले की आकडा एकदम उडी मारी. छिद्रावर काळ्या स्पंजचा तुकडा ठेवल्यावर झोत आणि ऊन या दोन्हींचा उपद्रव थांबला. या दोषाला मी ‘वारा लागणे’ म्हणतो.

पळसफूल
‘वारा लागणे’ उत्तम आहे, परंतु धुरेकरींच्या सूचनापत्रात ते आले तर आजी मीठ-मोहऱ्या घेऊन येईल.

धुरेकरी
सर्वांचे आभार. सूचनापत्रात ‘त्रुटी’ खोडून ‘चूक’ केले आहे. ‘जमिनीपासूनची उंची’ ही अक्षरे रिमोटच्या पट्टीवर मावत नाहीत, म्हणून त्या जागी चिठ्ठीवर ‘किती वर’ असे लिहून चिकटवले. त्याच मुलाने वाचून विचारले, “काका, कशाच्या वर?”

निवृत्त गुरुजी
काटेवाले, आपल्या आजोबांचा तो खडा दांडीला बांधलेला होता की पारड्याला? पारड्याला असेल तर माझ्या आठवणीप्रमाणे त्याला पासंग म्हणत नसत.