फोर्ड ८एन: सहा व्होल्टच ठेवायचं की बारा करायचं?

ओहायोकर: आमच्याकडे १९४९ चा फोर्ड ८एन ट्रॅक्टर आहे. गवत कापणं आणि हिवाळ्यात बर्फ ढकलणं, एवढंच काम. चार्जिंग मूळचं सहा व्होल्टचं, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. थंडीत सेल्फ कण्हतो. शेजारचे म्हणतात, डायनॅमो काढून अल्टरनेटर (नव्या गाड्यांतला चार्जिंगचा जनित्र) टाक, बारा व्होल्ट कर आणि मोकळा हो. मला ते पटत नाही. १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांवर ८एन बनले आणि ते सहा व्होल्टवरच बर्फातही चालू होत होते. दोष व्होल्टेजचा नाही, देखभालीचा आहे. तुमचं मत?

लोखंडी_बैल: साफ असहमत. ट्रॅक्टर राबवायचा आहे की मांडून ठेवायचा? बर्फ ढकलताना सारखं पुढे-मागे, इंजिन मंद. तेवढ्या फेऱ्यांवर जुना डायनॅमो नावालाच चार्ज करतो. वर दिवे लावले की बॅटरी उतरलीच. अल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही करंट देतो. बारा व्होल्टची बॅटरी, बल्ब कुठल्याही दुकानात मिळतात, अडलं तर कारवरून जंप देता येतो. सेल्फ तोच चालतो, फक्त बटण दाबून धरून बसायचं नाही.

तारतंत्री: सेल्फ कण्हतो तर आधी केबल बघा हो! तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून निदान शून्य गेजची जाड केबल हवी. पुष्कळ ट्रॅक्टरांवर कुणीतरी कारची बारीक केबल लावून ठेवलेली असते. अर्थची केबल सोडा, खालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, मग बोल्ट आवळा. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरा. अर्धा व्होल्ट गळत असेल तर सहातला बारावा हिस्सा वाटेतच गेला. बारा व्होल्ट केल्याने गंज जात नाही, झाकला जातो.

लोखंडी_बैल: झाकला तर झाकला. सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायला हवा.

तारतंत्री: होईल, पण किती दिवस? १९४९ चा म्हणजे डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा) पुढे आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) त्याच्याच डोक्यावर. सहाच्या कॉइलला थेट बारा दिले की कॉइल तापते, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) जळतात. बारा व्होल्टची कॉइल घ्या, नाहीतर मूळ रेझिस्टरच्या (कॉइलचा करंट कमी करणारा) जोडीला आणखी एक लावा. हे न करता नुसता अल्टरनेटर बसवून देणारे मेकॅनिक बघितले की चीड येते.

लोखंडी_बैल: यात वाद नाही. आणखी दोन गोष्टी. अल्टरनेटरसाठी निगेटिव्ह अर्थ करताना बॅटरी चुकून जुन्याच पद्धतीने जोडली तर अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गेलेच समजा. तीन वायरचा अल्टरनेटर असेल तर एक्साइटरच्या (अल्टरनेटरचं चार्जिंग चालू करणाऱ्या) वायरमध्ये डायोड किंवा छोटा बल्ब घाला. नाहीतर चावी बंद केली तरी त्याच वायरमधून इग्निशनला करंट मिळत राहतो आणि इंजिन थांबतच नाही.

ओहायोकर: दिव्यांचा मुद्दा मान्य, इथे डिसेंबरात पाच-साडेपाचलाच अंधार पडतो. तरी आधी केबल आणि अर्थ. त्यानंतरही सेल्फ ओढला नाही तरच अल्टरनेटर.

लोखंडी_बैल: चालेल. जाड केबल घ्याच, पुढे बारा केलेत तरी तीच राहील.