‘नवं पाणी’मधलं ‘नवं’ म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरातला आषाढी मंगळवार. गल्लीत पी-ढबाक वाजंत्री सुरू, पोरींच्या डोक्यावर कलश, कलशात पंचगंगेचं पाणी, आणि वरात निघाली टेकडीवरच्या टेंबलाई देवीला. पुण्याचा भाचा कलशात डोकावून म्हणाला, “मामा, हे गढूळ आहे.” म्हटलं, “गढूळ नव्हे रे, नवं पाणी.” “नवं म्हणजे ताजं?” इथं मी अडकलो. चहासारखं तांबूस, तळाला गाळ. याला ताजं कसं म्हणू? जाणकारांनी सांगा.

रंकाळाकाठ: हे ‘नवं’ नव्याच्या पुनवेतलं. आमच्यात आजी नवा भात आला की विचारायची, “नवं केलंसा काय?” म्हणजे पहिली मूठ देवापुढं ठेवली का. त्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. पाण्याचंही तसंच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (पाचवी सरस्वती, ती गुप्त) पहिल्या जोरदार पावसाची माती घेऊन येतात आणि प्रयाग चिखलीला एक होतात. हंगामाचं पहिलं पीकच की ते! म्हणून त्याचा पहिला वाटा देवीच्या पायरीवर. गाळ ही तर त्याची खूणच. उन्हाळ्यातल्या नितळ पाण्याला कोण नवं म्हणतंय?

आडवाट: टेंबलाई अंबाबाईवर रुसून पाठ फिरवून बसलीय आणि ललिता पंचमीला अंबाबाई स्वतः भेटायला जाते, कोहळा फुटतो, तेही भाच्याला सांगा. (विषय सोडून आहे, माहीत आहे.)

शिरोळकडचा: रंकाळाकाठ यांचं पटलं. एक भर: या ‘नवं’ला मुदत असते. आणखी चढलं की तेच पाणी ‘पूर’. मग सगळ्यांच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आणि खाली नरसोबाच्या वाडीला पाणी उत्तरेकडनं दत्ताच्या देवळात शिरून, पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की ‘दक्षिणद्वार’. लोक त्यात अंघोळीला धावतात. आमची आई तिथं हात जोडते आणि परतताना बुडालेल्या उसाकडं बघून त्याच नदीला शिव्या घालते. दोन्ही मनापासनं.

मूळ प्रश्नकर्ता: भाच्याला नव्या भातावरनं लगेच कळलं, आभार. पण एक कबुली देतो. त्याच दिवशी टेंबलाईवरनं घरी आलो तर नळाला अगदी तसंच तांबूस पाणी. बादलीत तुरटी फिरवता फिरवता मी बायकोला ओरडून सांगितलं, “घाण पाणी आलंय, पिऊ नका.” भाचा दारात उभा राहून हसत होता.