फेरो बेटं म्हणजे डेन्मार्कचा एक जिल्हा नव्हे

काही जण म्हणतात की उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांचा कारभार डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनहूनच चालतो आणि त्यांची स्वायत्तता कागदावरच आहे. हे मला अजिबात पटत नाही.

१९४६ च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने निसटतं बहुमत मिळालं होतं. पण डेन्मार्कच्या राजाने फेरोची संसद, म्हणजे लोगटिंग, बरखास्त केली. नव्या निवडणुकीत वेगळं व्हायला विरोध करणाऱ्यांचं पारडं जड झालं आणि तडजोड म्हणून १९४८ चा स्वशासन कायदा आला. त्या तडजोडीतून या लोकांनी केवढं मिळवलं ते बघा. शाळा, कर, मासेमारी, सगळं ३३ जणांची लोगटिंग ठरवते. संरक्षण, नागरिकत्व आणि सर्वोच्च न्यायालय मात्र डेन्मार्ककडे. डेन्मार्कच्या संसदेत फेरोचे दोन खासदार बसतात.

खरी ताकद मासळीत दिसते. १९७३ मध्ये डेन्मार्क युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, गेला, पण फेरो बाहेरच राहिली, कारण निर्यात जवळपास सगळी मासळीचीच. आपल्या समुद्रात कुणी किती मासे धरायचे हे दुसऱ्याने ठरवलं तर खायचं काय? आजही ती युरोपीय संघात नाहीत.

राजधानी तोर्सहावनमध्ये तिंगानेस नावाचं खडकाळ टोक समुद्रात घुसलंय. त्यावर लाल रंगाची, छपरावर गवत वाढलेली लाकडी घरं आहेत. फेरोच्या पंतप्रधानांचं कार्यालय तिथेच आहे. पन्नास-पंचावन्न हजार माणसांचा देश स्वतःचा कारभार असा हाकतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.