आईच्या घरून शेजारच्या घरी बोलायचा फोन

टोरांटोहून

नमस्कार मंडळी,

गुहागरला आईबाबा दोघंच असतात. शेजारचं घर काकांचं, मधे फक्त आमचं आगर. एरवी हाक मारली की ओ येते, पण पावसात काही ऐकू जात नाही. गेल्या आठवड्यात तीन दिवस लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, आणि मी इथे नुसती फोन लावत बसले होते. माझ्याशी बोलणं होवो न होवो, निदान शेजारी तरी त्यांना बोलता यावं, असं स्वस्तात काही करता येईल का? बाबांना स्मार्टफोन नको वाटतो. आईला अलीकडे कमी ऐकू येतं.

मस्कतहून

ताई,

तुमची मेल वाचली आणि लगेच लिहायला बसलो, कारण हे आमच्याकडे झालेलं आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आमच्या बाजूची कौलं, पत्रे, माड, पोफळी, काही राहिलं नाही. वीज यायला कित्येक आठवडे गेले. आई सुखरूप आहे हे मला पाचव्या दिवशी कळलं. तरीही तेव्हा आम्ही काही केलं नाही. केलं ते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, आई पडवीत घसरून पडल्यावर. रात्री दहाचा सुमार, पागोळ्यांचा आवाज, वर समुद्राची गाज. तिने हाका मारल्या त्या दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे पोचल्याच नाहीत. मोबाईल माजघरात. पहाटे शेजारचे तात्या फुलं काढायला आले तेव्हा ती त्यांना दिसली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तात्या बोटीवर सारंग होते. त्यांनीच सांगितलं की बोटीवर इंजिनरूममधून वर बोलायला एक फोन असतो, त्याला वीज लागत नाही. बोलणाऱ्याच्या आवाजानेच आतला पडदा हलतो, त्यातून वीज तयार होते आणि तेवढ्यावर पलीकडे ऐकू येतं. म्हणाले, "सगळं बंद पडलं तरी तो बोलतो. आपल्याला तसला पाहिजे." मोडीत निघालेल्या बोटींचं सामान अलंगला विकायला असतं, पण तिकडे कोण जाणार. म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला.

जुना लँडलाईन आठवतो ना? लाईट गेली तरी तो चालायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून तारेवरच यायचे. तेच छोट्या प्रमाणावर घरी करता येतं. घरात पडून असलेले दोन साधे टेलिफोन घ्यायचे, त्यांच्या दोन तारांच्या वाटेत एक बॅटरी आणि तीनशे ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा छोटा भाग) ओळीने जोडायचा. बॅटरी, फोन, फोन, पुन्हा बॅटरी, असा एकच फेरा. दोन्हीकडचे रिसीव्हर उचलले की फेरा पुरा होतो आणि बोलता येतं. ठेवले की तुटतो, त्यामुळे बॅटरी फुकट जळत नाही. नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर आमच्याकडे आवाज बारीक यायचा. दोन ओळीने लावल्या आणि स्वच्छ झाला.

घंटी मात्र अशी वाजत नाही. टेलिफोनच्या घंटीला ऐंशी-नव्वद व्होल्टचा उलटसुलट प्रवाह लागतो, तो आपण आणायचा कुठून? म्हणून बटण आणि बझर वेगळा. दोन्ही घरांत एक बटण, एक बझर, आणि ज्याच्या त्याच्या बटणाला त्याची बारा व्होल्टची छोटी बॅटरी. आई बटण दाबते, तात्यांकडे वाजतं, दोघं रिसीव्हर उचलतात. तुमच्या आईंना कमी ऐकू येतं तर बझरबरोबर एक लाल एलईडी दिवाही लावा, त्यांच्या नजरेसमोर भिंतीवर.

तार घ्यायची ती बाहेर टाकायची काळी नेटवर्क केबल. आत चार जोड्या असतात, एक बोलण्याला, एकेका बझरला एकेक, आणि एक शिल्लक. दुकानदाराला शुद्ध तांब्याचीच मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली स्वस्त मिळते, खाऱ्या वाऱ्यात तिचे सांधे वर्षभरात तुटतात. आम्ही पहिल्यांदा तीच आणली आणि पस्तावलो.

आणि वरून ओढू नका. वानरं त्यावर झोके घेतात, झावळ पडली की तार खाली येते. महावितरणच्या खांबाला तर अजिबात बांधू नका, वरची जिवंत तार तुटून आपल्या तारेवर पडली तर तो करंट थेट कानाशी येईल. गडग्याच्या पायथ्याने पीव्हीसी पाइपातून न्या. पाइप नसेल तर घुशी एका पावसात कुरतडतात.

न्यू जर्सीहून

ताई, मी डिसेंबरात चिपळूणला जातोय. येताना इथून वॉकीटॉकीची चांगली जोडी आणू का तुमच्याकडे? तारा, पाइप, खणणं, एवढा खटाटोप कशाला? नाहीतर वाय-फायवर चालणारे इंटरकॉमही आता स्वस्त आहेत.

मस्कतहून

दादा, तुमची आपुलकी कळते, पण तिथले संच नेऊ नका. अमेरिकेतले घरगुती वॉकीटॉकी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्याकडे विनापरवाना जो पट्टा मोकळा आहे तो ४४६.० ते ४४६.२ चा, तोही कमी ताकदीच्या संचांना. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात कायद्याची भानगड नको. भारतात मिळणारे ४४६ चे संच घेता येतील, पण ते रोज चार्जिंगला लावायचे, सुरू ठेवायचे, हातात धरून बटण दाबून बोलायचं. आईने मोबाईल माजघरात ठेवला होता तसा तोही ठेवला जाईल. भिंतीवरचा फोन जागचा हलत नाही, अंधारातही हाताला लागतो.

वाय-फायचं म्हणाल तर इंटरनेट नसतानाही एका राउटरखालचे दोन इंटरकॉम बोलू शकतात, हे खरं. पण राउटरला वीज हवी. इन्व्हर्टर किती वेळ पुरणार? लाईट असताना तो जरूर वापरा. मला काळजी आहे ती लाईट नसतानाची.

ताई, एक विसरलो. विजा चमकायला लागल्या की दोन्हीकडचा फोनचा प्लग काढून ठेवायचा आणि फोनला हात लावायचा नाही. आपल्याकडे गडगडाट मेअखेरीस आणि पुन्हा परतीच्या पावसात, ऑक्टोबरात. ऐन आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो पण विजा क्वचित, आणि फोनची गरज तेव्हाच जास्त. आईने प्लगवर कुंकवाचं बोट लावून ठेवलंय, कुठला काढायचा ते कळावं म्हणून.

सामान आणायच्या आधी तुमच्या काकांशी नीट बोला. रात्री-अपरात्री उठायचं त्यांना आहे. आम्ही परदेशातून वस्तू पाठवतो, धावून मात्र शेजारी जातो. आमचे तात्या रोज रात्री साडेआठला आपणहून बटण दाबतात, "जेवलात काय?" एवढंच विचारतात. त्याने दोन गोष्टी होतात. आईला बरं वाटतं, आणि बॅटरी उतरली असेल तर त्याच दिवशी कळतं.

टोरांटोहून

काका लगेच हो म्हणाले. उलट मलाच म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" काकू म्हणतात बझर स्वयंपाकघरात नको, खोलीत लावा, रात्री तिथेच ऐकू येईल. बाबांनी काल सुंभाने अंतर मोजलं, ओटीपासून ओटीपर्यंत चौसष्ट मीटर भरलं. विहिरीच्या पंपाची वायर त्याच बाजूने पाइपातून गेली आहे. त्याच पाइपात आपली केबल ओवली तर खणणं वाचेल, असं वायरमन म्हणतोय. चालेल का?

मस्कतहून

नाही, त्या पाइपात घालू नका. पंपाच्या वायरचं आवरण कुठे गेलं तर तोच करंट फोनवर येईल, शिवाय पंप सुरू असताना कानात घरघर ऐकू येते. गडग्याच्या दुसऱ्या अंगाने वेगळा पाइप टाका, जिथे पंपाची वायर ओलांडावी लागेल तिथे सरळ काटकोनात ओलांडा. केबल शंभर मीटर घ्या आणि मधे कुठेही सांधा देऊ नका, सांधे दोन्ही घरांच्या आत, कोरड्या भिंतीवर. उरलेली केबल कापून टाकू नका, आपल्या ओटीवर वेटोळं करून ठेवा. टोकं कळकली की वीतभर छाटायची आणि पुढची ओढून घ्यायची. पाइप गौरीगणपतीच्या आधी पुरून होईल असं बघा, नंतर वायरमन मिळत नाही.