बारा लाखांचे कर्ज काढून राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाठवावे का?

प्रीतिसंगम

माझ्या मुलीला बारावीनंतर वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर तिला परराज्यातील एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली आहे, आणि राज्याच्या सीईटीतील गुण पाहता पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातही तिला प्रवेश मिळेल असे दिसते. अडचण अशी की तिकडचे शुल्क याच आठवड्यात भरायचे आहे आणि इकडची यादी अजून लागायची आहे. घरात दोन तट पडले आहेत. माझे मत पुण्याच्या बाजूचे आहे. ते ज्यांना चुकीचे वाटते, त्यांनी आडपडदा न ठेवता लिहावे.

विद्यापीठाचा खर्च शुल्क, वसतिगृह आणि प्रवास धरून वर्षाला चार लाखांवर जातो. आम्ही दोघे मिळून वर्षाला १ लाख ६० हजार बाजूला काढू शकतो, म्हणजे दरवर्षी २ लाख ४० हजारांप्रमाणे पाच वर्षांत १२ लाखांचे कर्ज होईल. दहा टक्के दराने शिक्षणाच्या काळातले आणि त्यापुढे हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या एका वर्षाचे सरळ व्याजच ४ लाख ८० हजार होते. ती एकूण रक्कम दहा वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता सुमारे २२,२०० रुपयांचा बसतो. पुण्यात राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च १ लाख ३० हजारांत भागेल आणि कर्ज लागणारच नाही.

आयएलएस १९२४ सालचे आहे आणि न्या. गजेंद्रगडकर व न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तेथेच शिकले. अलीकडचे सरन्यायाधीश पाहायचे तर न्या. लळित मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून, न्या. बोबडे नागपूर विद्यापीठातून आणि न्या. गवई अमरावतीहून पुढे आले. नावाजलेल्या संस्थेवाचून जर इतक्या उंचीवर जाता येते, तर आम्ही घर कर्जात का लोटावे?

भुईकोट

ताई, तुमचा हिशेब चोख आहे, पण तुमची उदाहरणे या प्रश्नाला लागू होत नाहीत. बंगळुरूच्या पहिल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची पहिली तुकडी १९८८ साली बसली. न्या. बोबडे यांची वकिलीची सनद १९७८ची, न्या. लळित यांची १९८३ची आणि न्या. गवई यांची १९८५ची आहे. ज्या काळात दुसरा पर्यायच नव्हता, त्या काळातील माणसांनी तो निवडला नाही, यावरून काही सिद्ध होत नाही.

मी सोलापूरचा. अशाच एका विद्यापीठात कर्ज काढून शिकलो आणि नोकरी लागल्यावर साडेचार वर्षांत कर्ज फेडले, कारण मोठ्या लॉ फर्म शेवटच्या वर्षाच्या आधीच आमच्या आवारात येऊन मुले निवडत होत्या. पण पगारापेक्षाही मला मोलाची वाटते ती सोबत. रात्री दोन वाजता मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्याच्या, निवेदनातील एका परिच्छेदावरून भांडणारी दहा मुले आजूबाजूला असली की आपण नकळत त्यांच्या पातळीवर जाऊ लागतो, आणि पुढे तीच दहा मुले दिल्ली, मुंबई, बंगळुरूच्या न्यायालयांत ओळखीची होतात. कर्जाच्या बाबतीत पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना पाहा. तिच्या यादीतील संस्थांसाठी तारण लागत नाही आणि कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळते.

प्रीतिसंगम

सरन्यायाधीशांबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. तो मुद्दा मी मागे घेते. आमचे उत्पन्न मात्र आठ लाखांच्या थोडे वर असल्याने व्याजाची सवलत मिळणार नाही, आणि त्याच मर्यादेमुळे राज्याची मुलींसाठीची शुल्कमाफीही आम्हाला लागू नाही.

पंचगंगा

मी बावीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करतो आहे. लॉ फर्मचा पगार धरून हप्त्याचा हिशेब केला की तो सोपा वाटतो. पण मुलीला न्यायालयात उभे राहायचे असेल तर? वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक ज्युनिअरांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. म्हणजे शिफारशीतील सर्वांत मोठा आकडासुद्धा ताईंच्या हप्त्याहून कमी आहे. कर्ज काढून शिकलेली मुलगी मनात असूनही न्यायालयात येऊ शकत नाही; तिने कोणती वकिली करायची, हे पदवीच्या आधीच बँकेच्या हप्त्याने ठरवलेले असते. मला या सगळ्या चर्चेत हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

शिवाय आपल्या भागात काम वाढते आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पक्षकारांना प्रत्येक अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सातबारा आणि फेरफार वाचता येणारा, वाटणीच्या दाव्यात अशिलाशी त्याच्या भाषेत बोलणारा आणि तोच मुद्दा उच्च न्यायालयात इंग्रजीत मांडणारा वकील येथे हवा आहे.

अजिंठ्याची वाट

पंचगंगा यांच्याशी मी असहमत आहे, आणि हे मी अनुभवाने लिहिते. मी कमी शुल्काच्या महाविद्यालयातून शिकले. ते कोणते, हे सांगत नाही. दिवसाला दोन तास होत, हजेरीच्या वहीवर सह्या होत आणि पाच वर्षांत आम्हाला मसुदा कसा लिहायचा, हे कोणी शिकवले नाही. सनद घेतल्यावर मी मुंबईत चाळीसहून अधिक कार्यालयांना अर्ज पाठवले आणि दोघांनी उत्तर दिले. वकिलाच्या घरात जन्मलेल्या मुलाला महाविद्यालयाच्या नावाची गरज नसते. त्याचे दार वडिलांच्या ओळखीने उघडते. ज्यांच्या घरात कोणी वकील नाही, त्यांच्यासाठी संस्थेचे नाव हीच ती ओळख असते. ताई, आपल्या घरात कोणी वकील आहे का? नसेल, तर आपण वाचवत असलेले पैसे मुलीला अंधारात चाचपडायला लावून वाचवत आहात.

पंचगंगा

हे दुःख खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पुण्यामुंबईत जी मुले तिसऱ्या वर्षापासून रोज दुपारी एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये (कार्यालयात) जाऊन बसतात, त्यांना ओळखी मिळतात. जी केवळ परीक्षेपुरती महाविद्यालयात येतात, त्यांची अवस्था आपण लिहिली तशीच होते.

प्रीतिसंगम

आमच्या घरात कोणीही वकील नाही, त्यामुळे तो प्रश्न मला झोंबला. काल मुलीला हा सगळा धागा वाचायला दिला. तिला न्यायालयातच उभे राहायचे आहे आणि पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयाने त्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. म्हणून आम्ही असे ठरवतो आहोत की आज बाजूला काढतो तेच वर्षाचे १ लाख ६० हजार सनद मिळाल्यानंतरही तीन वर्षे तिला द्यायचे. महिन्याला तेरा हजारांहून थोडे अधिक होतात. ज्येष्ठ वकिलांनी काहीच दिले नाही तरी तिची खोली आणि जेवण भागेल.

अजिंठ्याची वाट

त्या तेरा हजारांत माझीही पहिली तीन वर्षे निभावली असती, हे मान्य करते. पण चेंबरचे दार पैशाने उघडत नाही. पुण्यालाच पाठवणार असाल, तर तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नका. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीआधीच तिला कोणाकडे बसवायचे, ते नाव आज शोधायला लागा.

पंचगंगा

दिवाळीआधी चार दिवस तिला कोल्हापूरला पाठवा. सर्किट बेंचच्या कोर्टात माझ्याबरोबर बसेल, आणि पुण्यात जिच्याकडे शिकण्यासारखे आहे, अशा एका वकीलबाईंना मी स्वतः फोन करीन.