मखर, गौरींचं साहित्य आणि आकाशकंदील माळ्यावर ठेवताना कसर-झुरळांपासून कसं वाचवायचं?

डोंबिवली_पूर्व विचारतात:

मंडळी, आमचं मखर पुठ्ठ्याचं, घडीचं आहे. सोनेरी कागद मैद्याच्या खळीने चिकटवलेला आहे. सोबत गौरींच्या दोन रेशमी साड्या, मोरपिसांचा पंखा, बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील आणि लाइटच्या माळा. सगळं खोक्यांत भरून बाथरूमवरच्या माळ्यावर असतं. यंदा उघडलं तर सोनेरी कागद कडेने खरवडल्यासारखा झालाय, पुठ्ठ्याच्या घडीत मसुरीपेक्षा मोठ्या तपकिरी डब्या चिकटल्यात आणि कंदिलाखाली पिठासारखी भुकटी पडलीय. डांबर गोळ्या भरपूर टाकल्या होत्या. हे नेमकं काय आहे, आणि यंदा आवरून ठेवताना काय करावं?

पुठ्ठाकाम:

तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळे किडे आहेत. तिघांचा उपाय वेगळा.

कागद वरवर खरवडलेला, कडा वेड्यावाकड्या म्हणजे कसर. तिला हवी असते खळ आणि दमट हवा. तपकिरी डबी म्हणजे झुरळाच्या अंड्यांचा कोश. मोठं झुरळ तो आडोशाला नेऊन चिकटवतं, आणि एकेकात साधारण पंधरा पिल्लं असतात. नालीदार पुठ्ठ्याची प्रत्येक नळी त्याच्यासाठी तयार खोली आहे. भुकटी मात्र बांबूतल्या भुंग्याची, त्याबद्दल खाली कुणीतरी सांगेलच.

थर्माकोल होतं तेव्हा कसरीला त्यात खायला काही नव्हतं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, ती योग्यच होती, पण त्याच्या जागी आलेला पुठ्ठा, कागद, कापड आणि बांबू हे सगळं किड्यांचं अन्न आहे. आवरण्याची पद्धत मात्र आपण जुनीच ठेवली.

सर्वांत मोठी चूक वेळेची असते. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांत सगळं गच्च बांधून माळ्यावर टाकतात. तेव्हा पाऊस गेलेला नसतो, पुठ्ठ्याने ओल ओढलेली असते, आणि ती ओल आपण खोक्यात कोंडतो. म्हणून बांधायचं दोनदा. विसर्जनानंतर फक्त झटकून, जुन्या चादरीत सैल गुंडाळून पंख्याखाली किंवा कोरड्या खोलीत उभं ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुठ्ठा दोन-तीन दुपारी उघडा पसरा (सोनेरी बाजू खाली, नाहीतर रंग उडतो) आणि मग दिवाळीच्या साफसफाईत कायमचं बांधा.

बांधण्यापूर्वी कोरडा रंगाचा ब्रश घेऊन प्रत्येक घडी उघडून झाडा. घडीत अडकलेला अक्षतेचा एक दाणा, पंचामृताचा वाळलेला थेंब, मोदकाचा चुरा एवढंही झुरळाला पुरतं. अंड्यांचा कोश बोटाने चिरडू नका, कार्डाच्या कडेने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. जुने खोके मखराबरोबर पुन्हा वापरू नका, ते घराबाहेर काढा.

खोक्याऐवजी गुळगुळीत प्लॅस्टिकचा, रबरी पट्टीच्या झाकणाचा डबा घ्या. कसर गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढू शकत नाही. क्लिपवाल्या डब्यांना हँडलजवळ फटी असतात, तिथे रुंद सेलोटेप लावा. चाळीस लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घाला. दाण्यांचा रंग बदलला की जेल निकामी झालं.

नवा कागद चिकटवताना मैद्याची खळ नकोच, फेव्हिकॉल वापरा. खळच हवी असेल तर पुस्तकबांधणीवाले करतात तसं शिजवताना चिमूटभर मोरचूद घाला. ते विषारी आहे, म्हणून भांडं वेगळं ठेवा, आणि ते ॲल्युमिनियमचं नको.

रेशीमघडी:

साड्या आणि मोरपिसांबद्दल. रेशीम आणि पीस ही प्रथिनं आहेत. त्यांना कसरीपेक्षा मोठा धोका केसाळ अळ्यांचा. खूण म्हणजे घडीत पारदर्शक तपकिरी कात आणि बारीक भोकं. जिथे घाम, तेल किंवा तुपाचा डाग असतो तिथून त्या सुरुवात करतात. म्हणून गौरींना नेसवलेली साडी फक्त हवेवर टाकून परत ठेवू नका. डाग असेल तर आधी ड्रायक्लीन. रेशीम उन्हात नको, सावलीत एक दिवस पुरे. मग धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको.

मोरपिसांना सर्वांत खात्रीचा उपाय फ्रीझरचा. जाड पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद राहू दे, नाहीतर पिसांवर दव धरतं.

आता डांबर गोळ्या. त्या उघड्या माळ्यावर टाकून काही उपयोग नाही, वाफ डब्यात कोंडली तरच परिणाम होतो. वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या तळाशी नाही, वर ठेवायच्या, मलमलीत बांधून, कपड्याला आणि जरीला न टेकवता. थर्माकोलचे किंवा प्लॅस्टिकचे मणी गोळीला टेकले तर चिकट होतात. कापूर आणि डांबर गोळ्या एकाच डब्यात कधीच नकोत. दोन्ही मिळून पातळ होतात आणि त्याचे तेलकट डाग साडीवरून जात नाहीत. घरात तान्हं बाळ असेल तर डांबर गोळ्या अजिबात नकोत, आणि गोळ्यांत ठेवलेलं कापड बाळाला लावू नका. त्याऐवजी वेखंडाच्या कांड्या वापरा. त्याने किडे लांब राहतात, अंडी मात्र मरत नाहीत, म्हणून वेखंड हा स्वच्छतेनंतरचा उपाय आहे, आधीचा नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळवून. ओला पाला बुरशी आणतो.

डोंबिवली_पूर्व:

धन्यवाद! गौरींच्या पत्र्याच्या कोठ्याही आहेत, त्यांत आम्ही गहू भरतो. कंदिलाचं काय करू? आणि माळांची वायर एका जागी कुरतडलीय.

बांबूकाम:

कोठीतले गहू काढले तरी जोडाच्या खाचेत चार दाणे राहतात. तेवढ्यावर सोंडे होतात आणि वासाने उंदीर येतो. कोठी उलटी करून ठोका, खाच जुन्या टूथब्रशने काढा, कोरडी पुसून ऊन द्या.

कंदिलातली पिठासारखी भुकटी म्हणजे बांबूतला पिष्टमय भाग खाणारा भुंगा. काडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. कागद काढून सांगाडा मोकळा करा. पोकळ वाजणाऱ्या काड्या बदला. उरलेल्यांसाठी पाच लिटर कोमट पाण्यात १५० ग्रॅम टाकणखार आणि १०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा, हातमोजे घालून सांगाडा त्यात एक दिवस बुडवा, मग सावलीत आठवडाभर वाळवा. वरून ब्रश फिरवून भागत नाही, आतल्या अळीपर्यंत द्रावण जात नाही. वाळल्यावरच नवा कागद लावा.

कुरतडलेली माळ फेकून द्या, टेप लावून वापरू नका. या माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर तो लहान उंदीर. त्याला सहा मिलिमीटरची फट पुरते. पाइप भिंतीत शिरतो तिथे स्टीलचा काथ्या ठासून वर सिमेंट भरा. नुसता फोम तो कुरतडतो.

पुठ्ठाकाम:

एक राहिलं. माळा बाथरूमवर आहे म्हणालात, तिथे भिंत गार आणि दमट असते. जागा बदलता येत नसेल तर डबे दोन विटांवर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं लांब. फेब्रुवारीत एकदा आणि मे महिन्यात वाळवणं घालता तेव्हा एकदा उघडून बघा. मे महिन्यात सिलिका जेल बदलायला विसरू नका, पुढचे चार महिने तेच तर हवंय.